तीन सऱ्यांचा ऊस आणि मागचं दार



ऊस गेला. फाल्गुनात टोळी आली, चार दिवसांत रान मोकळं करून गेली. बऱ्याच महिन्यांनी मागच्या दारातून पलीकडच्या बांधावरचा आंबा दिसला. आई दारात बसून बघत होती. म्हणाली, "याला मोहोर आलाय व्हय! कळलंच नाही."

खोडवा ठेवायचा हे ठरलेलंच होतं. पाचट सऱ्यांत घातलं, बुडखे छाटले. पण घराच्या बाजूच्या तीन सऱ्यांचे बुडखे मी छाटले नाहीत, कुदळीने मुळासकट काढले. ते बघून आमचे चुलते, तात्या, बांधावर येऊन उभे राहिले. म्हणाले, "डोकं फिरलंय का तुझं? उभा खोडवा उपटतोय!" मी म्हटलं, "तात्या, इथं परस करणार आहे." ते म्हणाले, "बायकांचे उद्योग तू कधीपासून करायला लागला?" आणि गेले. त्याला आता दीड महिना झाला, चैत्र संपत आला. तात्या माझ्याशी बोलत नाहीत. म्हणून हे इथं लिहितोय. तात्या हे पान रोज वाचतात, हे मला पक्कं ठाऊक आहे.

तर आधी हिशेब. शेतकऱ्याशी भांडायचं तर हिशेबानेच भांडावं.

आमच्या घराची लांबी ३६ फूट. सरी पाच फुटी. तीन सऱ्या म्हणजे १५ फूट. ३६ गुणिले १५ म्हणजे ५४० चौरस फूट. गुंठा १०८९ चौरस फुटांचा, म्हणजे ही जागा अर्धा गुंठाही पुरती भरत नाही. एकरी ४० टन धरा. (खोडव्याला तेवढा पडला तर मी देवाला नारळ फोडतो, पण धरा.) गुंठ्याला एक टन, अर्ध्या गुंठ्याला अर्धा टन. २०२५-२६ ची एफआरपी १०.२५ टक्के उताऱ्याला क्विंटलला ३५५ रुपये. अर्ध्या टनाचे झाले १७७५ रुपये. यातून तोडणी-वाहतूक जाते, खत जातं, मजुरी जाते, पाणी जातं. ते सगळं राहू द्या. काहीही वजा न करता १७७५ ला ३६५ ने भागा.

दिवसाला पाच रुपयेसुद्धा येत नाहीत.

तात्या, आठवडे बाजारात पाच रुपयांत आज काय मिळतं सांगा. आमच्या घरात पाच माणसं. भाजीला आठवड्याला चारशे ते पाचशे रुपये जातात, आणि ते बागायतदाराच्या घरात जातात! म्हणजे तीन सऱ्यांच्या ऊसाचं वर्षाचं ढोबळ उत्पन्न महिनाभराच्या भाजीत संपतं. हा तोट्याचा धंदा आपण वर्षानुवर्षं करतो आणि त्याला शेती म्हणतो. परसाला मात्र छंद म्हणतो.

बरं, एवढे पैसे देऊन आपण खातो तरी काय? जागतिक आरोग्य संघटना म्हणते, माणसाने दिवसाला किमान ४०० ग्रॅम फळं-भाजीपाला खावा. पाच माणसांचा झाला दोन किलो, रोजचा. आणि यात बटाटा धरत नाहीत. आता आंबेगाव तालुक्यात हे सांगणं म्हणजे अवघडच. सातगाव पठारच्या लोकांनी माफ करावं, पण आपल्याकडे बटाटा ही भाजी नाही, तो धर्म आहे. कांदा काढणीच्या दिवसांत आमच्या घरात बटाट्याची भाजी, पिठलं, बटाट्याचा रस्सा, परत पिठलं, असं चालतं. हिरवं पान ताटात कधी आलं होतं ते आठवावं लागतं. बराखीत कांदा, घरात बटाट्याची पोती, दारात ऊस, आणि पोराच्या ताटात हिरवं काय? तर काही नाही.

परस गेला कसा, हे मी डोळ्यांनी बघितलंय. आजीच्या वेळी मागच्या दारी न्हाणीचं पाणी केळीला आणि अळूला जायचं. पुढे लिंबू, कढीपत्ता, कोपऱ्यात शेवगा, मांडवावर दोडका नाहीतर घेवडा. उकिरडा तिथंच, त्यामुळे खताची पाटी दहा पावलांवर. डिंभ्याच्या पाण्याने तालुका हिरवा केला, त्याबद्दल माझी तक्रार नाही, त्याच पाण्यावर मी शिकलो. पण पाण्याबरोबर हावही आली. आधी ट्रॅक्टर लावायला शेवगा तोडला. मग पाहुण्यांना चिखल लागतो म्हणून पेव्हिंग ब्लॉक बसवले. मग उरलेल्या जागेत, "एवढी जागा कशाला पडीक ठेवायची" म्हणून ऊसाची सरी एकेक करत पुढे आली. शेवटी ऊसाचं पान खिडकीला घासायला लागलं. परस कुणी विकत घेतला नाही, कुणी हडपला नाही. आपणच एकेक फूट करून दिला.

आता दुसरी गोष्ट, आणि ही पैशाची नाही.

बिबट्या. या भागातल्या वाचकांना बिबट्यावर प्रवचन नको. जुन्नर वनविभागात जुन्नर, आंबेगाव, खेड, शिरूर हे चार तालुके येतात आणि चारही तालुक्यांत ऊस म्हणजे बिबट्याचं घर झालंय. मादी ऊसातच वितेय, पिल्लं ऊसातच वाढतात. २०२५ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरात शिरूरच्या पिंपरखेड-जांबूत भागात माणसं गेली, लेकरं गेली, तेव्हा आपण सगळ्यांनी संताप केला, आणि तो खराच होता. पिंजरे लावा, पकडा, माणिकडोहला न्या, दिवसा लाइट द्या. यातली एकही मागणी मी मागे घेत नाही. दिवसा लाइट तर मिळालीच पाहिजे.

पण मोरीच्या भिंतीला टेकून ऊस वनखात्याने लावला का? तो मी लावला. मागच्या दारापासून ऊसाची पहिली सरी बारा फुटांवर होती. दिवस मावळला की आई भांडी घासायला मागे जात नव्हती. पोरगी संडासला जाताना मोठ्याने गाणी म्हणत जायची, कारण तिला कुणीतरी सांगितलं होतं की आवाज केला की तो येत नाही. दहा वर्षांची पोर स्वतःच्या घराच्या मागे गाणी म्हणत जाते. हे सगळं मी वर्षभर बघत होतो आणि तीन सऱ्यांचे १७७५ रुपये मोजत होतो.

इथं एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगतो. १५ फूट मोकळे केले म्हणून बिबट्या थांबत नाही. आता दारापासून ऊसापर्यंत बारा अधिक पंधरा, सत्तावीस फूट झाले. त्याला ते दोन उड्यांचं काम. पण मधे जमिनीलगतची भाजी आहे, दारावर दिवा आहे, आणि काही आलं तर दिसतं. कुत्रंही आधी भुंकतं. म्हणून मी परसात मका लावला नाही, केळीही ऊसाच्या कडेला नाही, भिंतीलगत लावली. मांडव घराच्या बाजूला, ऊसाच्या बाजूला गवार, भेंडी, माठ, कांद्याची पात. कुणी परस करणार असेल तर ही मांडणी उलटी करू नका. ऊसाच्या कडेला दाट मांडव घालाल तर त्याला आणखी एक आडोसा करून द्याल.

तिसरी गोष्ट पाण्याची. "उन्हाळ्यात परसाला पाणी कुठून आणायचं" हे मला तिघांनी विचारलं. तिघांच्याही घरामागून सांडपाणी गटारात जातं. जलजीवन मिशनचं माप माणशी दिवसाला ५५ लिटर आहे. पाच माणसांचं २७५ लिटर. ५४० चौरस फूट म्हणजे ५० चौरस मीटर. चैत्राच्या उन्हात भाजीला चौरस मीटरला साधारण पाच लिटर पाणी लागतं, म्हणजे २५० लिटर. जेवढं पाणी आपण नाल्यात सोडून डास पाळतो, जवळजवळ तेवढंच अर्ध्या गुंठ्याला लागतं. सगळं काही परत मिळत नाही, पिण्यात-स्वयंपाकात जातं, तरी बराचसा भार निघतो. वरून पाचटाचं आच्छादन टाकलं की आणखी कमी लागतं, आणि पाचट आपल्याकडे फुकट आहे, नाहीतर पेटवूनच देतो.

फक्त एक पथ्य पाळा. कपड्याच्या पावडरचं पाणी भाजीला नको, त्यातल्या सोड्याने जमीन चोपण होते. ते केळी, अळू, कर्दळीला सोडा. अंघोळीचं आणि भांड्यांचं पाणी विटांचे तुकडे आणि वाळू भरलेल्या खड्ड्यातून काढून वेलांच्या आळ्यांना द्या. कोथिंबीर, पुदिना असं कच्चं खायचं त्याला मात्र चांगलंच पाणी द्या. एवढं आमच्या आजीला कुठल्याही मिशनशिवाय कळत होतं.

आता तात्यांच्या त्या वाक्यावर येतो. "बायकांचे उद्योग."

माझ्या तीन एकरांत ठिबक आहे. फिल्टर आहे, व्हेंचुरी आहे, विद्राव्य खतं मोजून सोडतो. आणि आई? मागे उरलेल्या दोन वाफ्यांना ती कालपरवापर्यंत तांब्याने पाणी घालत होती. घरात १६ एमएमच्या लॅटरलचे तुकडे पडलेले, ड्रिपर डब्यात गंजत नाहीत म्हणून पडलेले, पण वीस वर्षांत मला तिथं एक नळी ओढायचं सुचलं नाही. कारण ते "शेत" नव्हतं. ई-पीक पाहणीत मी ऊस नोंदवला, कांदा नोंदवला. त्या दोन वाफ्यांचं नावही मनात आलं नाही. ज्या रानात घरातली बाई रोज जाते, रोज काहीतरी काढून आणते आणि रोज ते आपल्या पोटात जातं, त्या रानाला आपण रान समजत नाही. बचत गटाच्या ताया उमेदमधून पोषण परसबागा करतात तेव्हा आपण फोटोत मागे उभे राहतो आणि टाळ्या वाजवतो. खड्डा खणायची वेळ आली की आपली मोटर बघायची वेळ होते.

म्हणून आमच्या घरात आता वाटणी केलीय. खणणं, मांडव, पाणी, खत हे माझं. काय लावायचं आणि कधी तोडायचं हे आई आणि मंडळी ठरवतात. सकाळी वीस मिनिटं जातात. "वेळ कुठाय" म्हणणाऱ्यांनी सकाळी मोबाईल किती वेळ बघतो ते मोजावं, मीही मोजलं. लाज वाटली म्हणून आकडा लिहीत नाही.

आता जरा कडू बोलतो.

आपल्यातले किती जण बाजारासाठी लावलेल्या प्लॉटच्या कडेला घरच्यासाठी एक ओळ बिनफवारणीची ठेवतात? हात वर करा. मीही ठेवायचो. कोथिंबिरीच्या हजारो जुड्या नारायणगावला पाठवल्या, पण घरात यायची ती कडेच्या वाफ्यातली. यात कुणाला चोर ठरवायचं नाही मला. किडकी जुडी आडत्या बघत नाही आणि गिऱ्हाईक उचलत नाही, हे मला ठाऊक आहे. फवारणी हौसेने कुणी करत नाही. पण ती कडेची ओळ ही कबुली आहे. आपल्याला माहीत आहे, म्हणून तर ती ओळ आहे. भेंडी एक दिवसाआड तोडावी लागते, आणि औषधाच्या लेबलवर काढणीपूर्वी थांबायचे दिवस त्याहून जास्त लिहिलेले असतात. मग मधल्या तोड्यांची भेंडी जाते कुठं? ती आपल्यासारख्याच दुसऱ्या शेतकऱ्याच्या घरात जाते. कारण त्यानेही परसात ऊस लावलाय आणि तोही बाजारातून भेंडी आणतोय. तुमची फवारलेली भेंडी मी खातो, माझी कोथिंबीर तुम्ही खाता.

माझी स्वतःची फजिती सांगतो, म्हणजे कुणी म्हणायला नको की हा शहाणपणा शिकवतोय. दोन वर्षांपूर्वी आईने लावलेल्या कारल्याच्या वेलाची पानं अचानक वळायला लागली. शेंडे पिळवटले, पान पंख्यासारखं चिरटलेलं, शिरा जवळजवळ आलेल्या. शेजारच्या चार टोमॅटोंचंही तेच. मी फोटो काढून दुकानात दाखवला. दुकानदार म्हणाला, व्हायरस आहे, पांढरी माशी मारा. दोन बाटल्या आणल्या, मारल्या, काही उपयोग नाही. वेल गेला. नंतर एका कृषी पदवीधर मित्राने फोटो बघून एकच प्रश्न विचारला, "ऊसात तणनाशक कधी मारलं?" आठ दिवस आधी मारलं होतं, २,४-डी. वारा घराकडे होता. आणि टोमॅटोवर जो पंप वापरला तो तोच, नुसता पाण्याने खळबळलेला. २,४-डी हे रुंद पानांच्या झाडांसाठी. ऊसाला काही होत नाही, पण वेलभाज्या, टोमॅटो, कापूस, द्राक्ष यांना थोडासा वारा लागला तरी पुरे. पंपाच्या नळीत उरलेला अंशही पुरतो. व्हायरस मीच होतो. आईला सांगितलं तेव्हा ती काही बोलली नाही, फक्त दुसऱ्या दिवशी मला कारल्याऐवजी बटाटा वाढला.

तणनाशकाचा पंप वेगळा ठेवा. त्याच्यावर लाल रंगाने लिहून ठेवा. एवढं वाचून बाकीचं सोडलंत तरी चालेल.

कृषी सल्लागार मित्रांनो, आता तुमच्याशी. तुमच्याकडे टोमॅटोचं शेड्यूल आहे, कांद्याचं आहे, एकरी शंभर टन ऊसाचं तर छापील पुस्तक आहे. कुठल्याही चर्चासत्रात परसाचं शेड्यूल मी ऐकलं नाही. आणि कारण मला कळतं. परसाला बाटली खपत नाही. पण तांत्रिक बाजूने बघा, अर्ध्या गुंठ्यात बारा पिकं एकत्र चालवणं हे एकरभर टोमॅटोपेक्षा अवघड आहे. रोज काहीतरी तोडायचं असतं, त्यामुळे थांबायचे दिवस पाळताच येत नाहीत, म्हणजे रासायनिक फवारणी बादच. इथं तुमचं ज्ञान खरं लागतं. वेलवर्गाच्या फळमाशीला क्यू ल्यूरचा सापळा, आंब्याच्या फळमाशीला मिथिल युजेनॉलचा, हा फरक किती शेतकऱ्यांना माहीत आहे? मला यंदापर्यंत नव्हता. मी आंब्याचा सापळा काकडीत टांगला आणि माश्या येईनात म्हणून खूश होतो.

परागीभवनाचंही तसंच. काकडी, कारलं, लाल भोपळा यांची फुलं सकाळी उमलतात, दोडका, दुधी, पडवळ यांची संध्याकाळी. आजूबाजूला सगळीकडे फवारे चालू असले की मधमाश्या येत नाहीत, फळ बोटाएवढं होऊन पिवळं पडून गळतं आणि आपण खत कमी पडलं म्हणून युरिया टाकतो. नर फूल तोडून मादी फुलावर फिरवायचं, पण दोडक्याला हे काम सकाळी केलं तर फुकट. मी सकाळी करत होतो. आईने सांगितलं, "अरे ते फूल झोपलंय." तिने जीवशास्त्र शिकलेलं नाही.

बियाण्याबद्दल थोडं. परसात संकरित बी लावायला हरकत नाही, पण त्याचं बी धरून पुढच्या वर्षी तसंच पीक येईल ही आशा सोडा. बी धरायचं असेल तर सुधारित वाण किंवा गावठी घ्या. राहुरी विद्यापीठाची फुले शुभांगी काकडी, फुले सुचेता दोडका, सम्राट दुधी आहेत, दापोलीचं कोकण श्वेता पडवळ आहे. आणि घरचं बी ठेवणं, पेरणं, शेजाऱ्याला देणं हा आपला हक्क आहे, २००१ च्या वाण संरक्षण कायद्यात तो लिहिलेला आहे. फक्त ब्रँड लावून विकता येत नाही. आपल्या डोंगरापलीकडे अकोल्यात, कोंभाळण्यात, राहीबाई पोपेरेंनी हेच केलं, घेवड्या-वालाची, भाज्यांची गावठी बियाणी जपली. २०२० साली पद्मश्री जाहीर झाली. आपल्याकडच्या कितीतरी जणांनी तिकडे जाऊन फोटो काढले. घरी येऊन दारात काय लावलं? शोभेचे पाम.

घेवड्यावरून आठवलं. गावठी वाल-घेवडा आता चैत्रात लावू नका. मी उत्साहात मांडवाच्या एका टोकाला लावलाय, वेल छपरावर गेलाय, फुलाचा पत्ता नाही. दिवस लहान झाल्याशिवाय तो फुलत नाही. पावसाळ्यात लावायचा, थंडीत खायचा. ती जागा माझी वाया गेली. मेथीही आता धरत नाही. कोथिंबिरीला मांडवाची सावली द्या, तरी लवकर दांडा काढते. उन्हाळ्यात चालणार ते गवार, भेंडी, माठ, चवळी, काकडी, दोडका, कारलं, पडवळ. दुधी लावलात तर शिजवण्याआधी चकती जिभेला लावून बघा, कडू लागला तर गुरांनाही घालू नका, फेकून द्या. कडू दुधीचा रस पिऊन माणसं दवाखान्यात गेलीत.

पुण्या-मुंबईचे लोक इकडे फार्महाउस घेतात, हिरवळ लावतात, तिला टँकरने पाणी घालतात आणि आपल्या बांधावर येऊन विचारतात, "काका, ऑरगॅनिक काय आहे तुमच्याकडे?" त्यांना हसायचा मला अधिकार होता, असं मला वाटायचं. पण त्यांच्याकडे निदान चार वांग्याची झाडं असतात. माझ्याकडे तीही नव्हती.

आणि गावाचं नाव बघा हो. महाळुंग हे लिंबाच्या जातीचं फळ, पडवळ ही वेलभाजी. पडवळ आपल्याकडे आडनाव आहे, ते मला शिकवू नका. पण नाव वाचून कुणाला वाटेल की या गावात घरोघरी मांडव असतील. आमच्या वस्तीवर यंदाच्या आधी पडवळाचा एक वेल नव्हता. हे बाबू गेनूंचं गाव. १९०८ साली इथं जन्मलेला, मुंबईच्या गिरणीत राबणारा पोरगा १२ डिसेंबर १९३० ला परदेशी कापडाच्या ट्रकपुढे आडवा झाला आणि गेला. डिंभ्याच्या जलाशयाला त्यांचं नाव आहे. मी काही भेंडीची तुलना हुतात्म्याशी करत नाही, तेवढी अक्कल आहे. पण "जे घरात होतं ते बाहेरून घ्यायचं नाही" एवढं साधं त्यांचं म्हणणं होतं, आणि १२ डिसेंबरला त्यांचं नाव घेणारे आपण आठवडे बाजारात कढीपत्ता विकत घेतो. कढीपत्ता! त्याला तर लावलं की विसरायचं असतं.

आतापर्यंतचं पीक सांगतो, फुशारकी नको आणि खोटंही नको. माठ दोनदा कापला. काकडी सुरू झाली. गवार चार दिवसांपूर्वी पहिल्यांदा निघाली, घरातल्या पाचांना एका वेळेपुरती. भेंडी आठवड्यात लागेल. दोडक्याला फूल आहे. टोमॅटोची सहा रोपं होती, तीन बोकडाने खाल्ली, त्याचा दोष बोकडाला नाही, दार मी उघडं ठेवलं. मिरचीवर फुलकिडे आहेत, निंबोळी अर्क चालू आहे, बघू. बाजारातली भाजी बंद झाली नाही, पण निम्म्यावर आली. पोरगी मागे जाताना अजून गाणी म्हणते. सवय झालीय बहुतेक.

काल संध्याकाळी तात्या आले. बोलले नाहीत. मांडवाखाली वाकून बघितलं, एक डांब हलवून बघितला, तो हलला. मग माझ्याकडे न बघता आईला म्हणाले, "वहिनी, पडवळाला खाली दगड बांधायचा असतो, नाहीतर वाकडं होतं. ह्याला ठाऊक नसेल." अजून पडवळाला फूलही नाही, पण मी काही बोललो नाही.

उद्यापासून लाइट रात्रीची आहे. खोडव्याला पाणी द्यायचंय. बॅटरी चार्ज करून ठेवतो.